हजारांतून बारा: धावपळीच्या उन्हाळी महिन्यातले आपले फोटो निवडताना

सुट्ट्या, प्रवास, लग्नकार्य, राहायला आलेले पाहुणे, मुलांची शिबिरं, सगळं एकाच महिन्यात येऊन आदळलं की फोनची गॅलरी फुगते. महिना सरतो, रोजची कामं पुन्हा मानगुटीवर बसतात आणि हजार-दीड हजार फोटो आहेत तिथेच पडून राहतात. ‘एकदा निवांत बसून बघू’ असं आपण म्हणतो खरं, पण तो निवांतपणा पुढच्या उन्हाळ्यापर्यंत काही मिळत नाही. तोवर गॅलरीत आणखी काही हजारांची भर पडलेली असते.

त्या ढिगातून बारा फोटो बाजूला काढणं, थोडे नीटनेटके करणं, त्यांच्याखाली ओळी लिहिणं, छापणं आणि जपून ठेवणं, हे सगळं काम इथे क्रमाने दिलं आहे. तीन-चार संध्याकाळींचं काम आहे, पण त्या लागोपाठच्या नसलेल्याच बऱ्या. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगितलेली बरी. इथे ‘चांगले’ फोटो शोधायचे नाहीत, ‘आपले’ शोधायचे आहेत. या दोहोंत गल्लत झाली की अल्बमात सूर्यास्त भरपूर होतात आणि माणसं कमी पडतात.

आकडा आधी ठरवा

बारा हा आकडा कुठल्या शास्त्रात लिहिलेला नाही. दहा घ्या, पंधरा घ्या. पण गॅलरी उघडण्यापूर्वी ठरवा आणि नंतर वाढवू नका. आकडा नसला की निवड होतच नाही. ‘हाही छान, तोही छान’ असं चालू राहतं आणि शेवटी दोनशे फोटोंचा अल्बम तयार होतो, जो कुणी दुसऱ्यांदा उघडत नाही. बाराचा फायदा असा की ते सगळे एका टेबलावर एकाच वेळी मावतात, आठवड्याला साधारण तीन पडतात आणि कुणाला दाखवायला घेतले तर समोरच्याला जांभई यायच्या आत संपतात.

कमी वाटत असतील तर रॉबर्ट फ्रँक या छायाचित्रकाराचा हिशेब पाहा. १९५५-५६ मध्ये गुगेनहाइम फेलोशिपच्या पैशावर तो मोटारीने अमेरिकाभर फिरला. पंचवीस हजारांहून जास्त फ्रेम्स टिपल्या आणि पुस्तकात घेतल्या फक्त ८३. तीनशेतून जेमतेम एक. आपल्याला शंभरातून एक ठेवायला मिळतोय, म्हणजे त्या मानाने चैनच आहे.

गॅलरी उघडण्याआधी आठवणींची यादी

ही पायरी बहुतेक जण गाळतात. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच आहे.

महिना संपल्यावर दोन-चार दिवसांत एक कागद घेऊन बसा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. दहा मिनिटं, त्या महिन्यातलं जे आठवेल ते लिहून काढा. फोटोंत काय आहे ते लिहायचं नाही, डोक्यात काय उरलंय ते लिहायचं. क्रम नको, पूर्ण वाक्यं नकोत. ‘गाडी सुटताना काकाने धावत आणून दिलेली पाण्याची बाटली.’ ‘वीज गेली त्या रात्रीच्या गप्पा.’ ‘धाकटीचा पडलेला दात, आणि तो शोधायला सगळं घर कामाला.’ ‘परतीच्या प्रवासात कुणीच बोलत नव्हतं.’ अशा पंधरा-वीस ओळी सहज होतात. घरात बाकी कुणी तयार असेल तर त्यांच्याकडूनही वेगळी यादी करून घ्या, एकमेकांची न बघता. मुलांच्या यादीत मोठ्यांना आठवतही नसलेल्या गोष्टी निघतात: लिफ्टमध्ये भेटलेला कुत्रा, झोपायच्या खोलीचा करकरणारा पंखा.

एवढा खटाटोप कशासाठी? कारण एकदा गॅलरी उघडली की ती सांगेल तेच आठवायला लागतं. ज्याचे पन्नास फोटो आहेत तो प्रसंग मोठा वाटतो आणि ज्याचा एकही नाही तो घडलाच नव्हता असं वाटू लागतं. कॅमेऱ्याचा स्मरणाशी असलेला हा संबंध तपासूनही पाहिला गेला आहे. फेअरफिल्ड विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांनी एका संग्रहालयात प्रयोग केला. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या वस्तूंचे लोकांनी फोटो काढले, त्या त्यांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. मात्र वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून फोटो काढला होता तेव्हा ही घट दिसली नाही. बारकाईने पाहिलेलं लक्षात राहतं, असा त्याचा साधा अर्थ घेता येईल.

यादी झाली की कागद घडी घालून ठेवून द्या आणि दोन-तीन आठवडे फोटोंना हात लावू नका. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर फोटो काढणारा गॅरी विनोग्रँड रोल धुवायला मुद्दाम वर्ष-वर्ष थांबायचा. फोटो काढतानाची मनःस्थिती विसरली की समोर काय उतरलंय ते खरं दिसतं, असं त्याचं म्हणणं होतं. १९८४ मध्ये तो वारला तेव्हा सुमारे अडीच हजार रोल धुवायचेच राहिले होते. तेव्हा थांबण्यालाही मर्यादा असावी. तीन आठवडे पुरे.

सगळे फोटो एका जागी, मूळ रूपात

मधल्या काळात करायचं काम म्हणजे गोळाबेरीज. एका महिन्याचे फोटो कधीच एका फोनमध्ये नसतात. थोडे आपल्याकडे, थोडे भावाच्या फोनमध्ये, बरेचसे कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर.

गोम ग्रुपवरच्या फोटोंत आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो लहान होऊन पोहोचतो. लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलच्या आसपास उरते. शिवाय फोटो कधी काढला, कुठे काढला ही फाइलच्या पोटातली माहिती, जिला एक्झिफ म्हणतात, तीही वाटेत गळून पडते. त्या फाइलच्या नावात जी तारीख दिसते ती फोटो काढल्याची नसते. म्हणून पाच तारखेचा फोटो कुणी वीस तारखेला पाठवला तर तो गॅलरीत वीस तारखेच्या फोटोंत जाऊन बसतो. ज्याने फोटो काढला त्याच्याकडून मूळ फाइल मागून घ्या: ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर क्लाउडवरच्या सामायिक फोल्डरची लिंक मागा. सगळ्यांकडून सगळे मागू नका, कुणी पाठवत नाही. ‘त्या दिवशी तलावावर तू काढलेले’ असं नेमकं मागितलं की मिळतात.

आयफोनने काढलेले फोटो बहुधा एचईआयसी या प्रकारात असतात. २०१७ मध्ये आलेल्या आयओएस ११ पासून हा प्रकार रूढ झाला. जुन्या संगणकावर ते उघडले नाहीत तर जेपेगमध्ये बदलून घ्या, पण मूळ फाइल टाकून देऊ नका.

सगळे आले की ‘फोटो काढल्याची तारीख’ या क्रमाने लावा. ‘फाइल बदलल्याची तारीख’ हा पर्याय नको, कॉपी करतानाच ती बदललेली असते. घरात वेगळा कॅमेरा असेल तर त्याचं घड्याळ चुकीचं असणं अगदी नेहमीचं आहे. दोन्ही उपकरणांनी टिपलेला एखादा क्षण शोधा, उदाहरणार्थ केक कापतानाचा. दोन्हींतल्या वेळेचा फरक काढा आणि कॅमेऱ्याचे सगळे फोटो तेवढ्याने एकदम सरकवा. फोटो सांभाळणाऱ्या बऱ्याच प्रोग्रॅममध्ये ही सोय असते.

आणि काहीही पुसण्याआधी या सगळ्याची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या. क्लाउडशी सिंक चालू असणं म्हणजे बॅकअप नव्हे: फोनमधून पुसलेला फोटो क्लाउडवरूनही जातो. आयफोनवर पुसलेले फोटो ३० दिवस परत आणता येतात. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो कचरापेटीत ६० दिवस राहतो. त्यानंतर तो गेलाच.

पहिली चाळणी: फक्त कचरा

ही लवकर उरका. स्क्रीनशॉट, बिलांचे फोटो, खिशात आपोआप निघालेले, पूर्ण काळे, बोटाने झाकलेले, ‘सुप्रभात’ची चित्रं, एवढंच काढायचं. या फेरीत ‘हा बरा नाही’ असा विचारही करायचा नाही. हललेले, तिरके, डोळे मिटलेले फोटो राहू द्या. त्यांतलेच एखाद-दोन शेवटच्या बारांत पोहोचतात.

एकाच क्षणाचे सात-आठ फोटो असतील तर त्यांतला एक निवडून बाकीचे एकत्र बांधून ठेवा. निवडताना चेहऱ्यांइतकंच हातांकडेही बघा. चेहरे कॅमेरा दिसला की सावध होतात, हात होत नाहीत. आयफोनचे ‘लाइव्ह’ फोटो असतील तर आणखी एक सोय आहे: बटण दाबण्याच्या आधीचा आणि नंतरचा दीड-दीड सेकंद त्यांत साठलेला असतो, त्यातून दुसरी फ्रेम मुख्य म्हणून निवडता येते. ‘स्माइल!’ म्हणून झाल्यावर सगळे मोकळे होतात, त्या क्षणाची फ्रेम बहुतेक वेळा जास्त खरी निघते.

दुसरी चाळणी: साठपर्यंत

आता यादीचा कागद उघडून शेजारी ठेवा.

फोटो आधी लहान आकारातच बघा, एका स्क्रीनवर पंचवीस-तीस दिसतील असे. मोठ्या आकारात प्रत्येक फोटो काहीतरी सांगून वेळ खातो. लहान आकारात जो लांबूनच डोळ्यात भरतो त्याची रचना पक्की असते. भराभर पुढे सरका आणि हात थांबेल तिथे हृदयाची खूण करा. का थांबला, ते आत्ता विचारू नका. हजारातून साठ-सत्तर निघाले की झालं.

मग यादीशी ताडून पाहा. यादीतल्या किती गोष्टींना फोटो सापडले? सापडले नसतील तर खूण न केलेल्यांत पुन्हा शोधा. त्या रात्रीच्या गप्पांचा फोटो नसेल, पण त्याच संध्याकाळी कुणीतरी मेणबत्ती लावतानाचा अंधारा, दाणेदार फोटो असेल. तोच घ्या. जिथे काहीच नाही ते तसंच सोडून द्या, पुढे ओळी लिहिताना ते कामी येईल.

इथे थोडं थांबून दोन फोटो जवळून बघू. समजा महिनाअखेरीला सगळे एकत्र जमले तेव्हाचे आहेत. पहिल्यात चौदा जण दोन ओळींत उभे, मागे इमारत, ऊन समोरून असल्यामुळे निम्म्यांचे डोळे बारीक झालेले, सगळ्यांच्या ओठांवर एकसारखं हसू. फोटो स्पष्ट आहे, कुणी सुटलेलं नाही. दुसरा त्याच्या पाच मिनिटं आधीचा. आजोबा खुर्चीत बसून बूट घालतायत, एक पाय आत, दुसरा बाहेर. नात गुडघ्यावर बसून नाडी बांधून देतेय, पण तिचं लक्ष नाडीकडे नाही, दाराबाहेर कुणीतरी हाक मारतंय तिकडे मान वळलेली. आजोबांचा हात तिच्या डोक्यावर ठेवलेला, आधारासाठी की मायेने ते कळत नाही. मागे दाराशी चपलांचा ढीग, त्यात एक जोड अगदी लहान. फोटो थोडा तिरका आहे आणि कडेला कुणाचा तरी खांदा आलाय.

पहिला फोटो ग्रुपवर जाईल, जायलाच हवा. बारांत दुसरा. कारण बघायला गेलं तर पहिल्यात काय घडतंय? फोटो काढला जातोय, एवढंच. दुसऱ्यात त्या महिन्याचा एक तुकडा आहे: कोण कुणाची काळजी घेत होतं, घर किती भरलेलं होतं, नात किती उंचीची होती.

म्हणून साठ फोटोंपैकी प्रत्येकाला मी हे प्रश्न विचारते. हा फोटो तिथे उभ्या असलेल्या कुणाही अनोळखी माणसाला काढता आला असता का? आला असता, तर तो देखावा आहे. एखादा ठेवायला हरकत नाही, तीन नकोत. या फोटोच्या आधी आणि नंतर काय झालं ते मला सांगता येतं का? आणि यात असं काही आहे का, जे दहा वर्षांनी बदललेलं असेल? ती खोली, तो जुना स्कूटर, भिंतीवरचं कॅलेंडर, आत्याची चष्म्याची दोरी. माणसांचे चेहरे आपण जपून टिपतो, त्यांच्या भोवतालच्या वस्तू मात्र चुकून आलेल्या असतात, आणि पुढे त्याच जास्त बोलतात.

साठातून बारा: टेबलावर

ही चाळणी फोनवर होत नाही. स्क्रीनवर एका वेळी एकच फोटो दिसतो आणि निवड ही तुलनेने होते. साध्या कागदावर, पानाला बारा-पंधरा या हिशेबाने, साठही फोटो छापा आणि कापून टेबलावर पसरा. फिल्मच्या जमान्यात हेच काम काँटॅक्ट शीट करायची: ३५ मिलिमीटरच्या रोलमधल्या छत्तीसही फ्रेम्स एका कागदावर मूळ आकारात उतरवायच्या, भिंगातून बघायच्या आणि निवडलेल्यांवर लाल पेन्सिलीने चौकट करायची. न घेतलेल्याही डोळ्यांसमोर राहायच्या, त्यामुळे आपण काय सोडतोय ते कळायचं.

आता दोन-दोन फोटो समोरासमोर ठेवा आणि प्रत्येक जोडीतला एक उचला. वीस-पंचवीस उरले की नियम लावा. एका प्रसंगाचे दोनांपेक्षा जास्त नकोत. नाहीतर लग्नाचा एक दिवस अख्खा महिना गिळून टाकतो. एक तरी फोटो माणसाशिवायचा हवा: रिकामं अंगण, दोरीवरचे ओले कपडे, भरलेल्या बॅगांची रांग. एक फोटो तांत्रिकदृष्ट्या वाईट चालेल. आणि एकात तुम्ही स्वतः असायलाच हवं. घरात जो फोटो काढतो तो फोटोंतून गायब असतो, वर्षानुवर्षं. तुमचा एकही सापडला नाही तर इतरांच्या फोनमध्ये शोधा. आरशात, काचेत पडलेलं प्रतिबिंब किंवा जमिनीवरची सावलीसुद्धा चालेल.

शेवटच्या चार-पाच जागांसाठी घरातल्या आणखी कुणाला तरी बोलवा आणि त्यांना त्यांची निवड स्वतंत्रपणे करू द्या. तुम्ही दोघांनी उचललेले पक्के. जिथे एकमत नाही तिथे ‘हाच का?’ एवढं विचारा. उत्तर लक्षपूर्वक ऐका, त्यातलंच एखादं वाक्य पुढे फोटोखाली लिहायला सापडतं.

बारा झाले की क्रम लावा. तारखेचा क्रम सोपा आणि बहुतेकदा पुरेसा. फक्त दोन फोटो शेजारी आल्यावर एकमेकांना मारत नाहीत ना, एवढं बघा: दोन्हीकडे सारखाच गर्दीचा फोटो असेल तर मधे एखादा शांत फोटो आणा, तारीख एक-दोन दिवस पुढे-मागे झाली तरी.

उन्हाची दुरुस्ती

उन्हाळ्यातल्या फोटोंची नेहमीची तक्रार म्हणजे दुपार. सूर्य डोक्यावर असला की भुवयांची सावली डोळ्यांवर पडते, नाकाखाली काळा पट्टा येतो आणि पांढरे कपडे जळून जातात. दुरुस्तीचा क्रम असा ठेवा. आधी क्षितिज सरळ करा आणि कडा कापा, कारण कापल्यावर उजेडाचा अंदाजही बदलतो. मग ‘हायलाइट्स’, म्हणजे फोटोतले उजळ भाग, खाली आणा, ‘शॅडोज’, म्हणजे गडद भाग, थोड्या वर न्या. शॅडोज फार वर नेल्या तर चेहरे राखट आणि सपाट दिसतात, तेव्हा अर्ध्यावर थांबा. जो भाग पूर्ण पांढरा झालाय त्यात काहीच उरलेलं नसतं, तो कुठल्याही उपायाने परत येत नाही. तिथे खटपट करू नका.

झाडाखाली काढलेल्या फोटोत चेहऱ्यावर हिरवट झाक येते आणि मोकळ्या आकाशाखालच्या सावलीत निळसर. दोन्ही ‘व्हाइट बॅलन्स’ने सुधारतात, फोटोतली मुळात पांढरी असलेली वस्तू, शर्टाची कॉलर वगैरे, पांढरी दिसेपर्यंत सरकवायचं. फोटोभर धुरकट पडदा असेल तर बहुधा लेन्सवर बोटांचं तेल किंवा सनस्क्रीन लागलेलं असतं. काँट्रास्ट किंचित वाढवला की निभावतं.

फिल्टर नकोत. या वर्षीचा फिल्टर पाच वर्षांनी वर्षच सांगतो, फोटो नाही. मागचा अनोळखी माणूस पुसून टाकणारी साधनं आता फोनमध्येच आलीत; वापरायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण मूळ फोटो वेगळा ठेवल्याशिवाय नको. मला तो मागचा माणूस बरेचदा आवडतो.

फोटोखाली दोन ओळी

‘खूप मजा केली!’ ही ओळ नाही. फोटोत दिसतंय तेच सांगणारी ‘आम्ही सगळे तलावावर’ हीसुद्धा नाही. चांगल्या ओळीत चार गोष्टी येतात: कोण, कुठे, कधी, आणि फोटोत न दिसणारी एक गोष्ट. मघाच्याच फोटोसाठी: नावं, गाव, तारीख, आणि मग ‘त्या सकाळी आजोबांनी नवे बूट पहिल्यांदा घातले. दुपारपर्यंत चावायला लागले आणि परत येताना ते हातात धरून चालत होते.’ यादीतल्या ज्या गोष्टींचा फोटो नव्हता त्या इथे घुसवा. काकाने पाण्याची बाटली आणून दिली त्याचा फोटो नसेल, पण गाडीच्या खिडकीतून काढलेला फलाटाचा फोटो असेल तर ती गोष्ट त्याच्याखाली शोभते.

नावं पूर्ण लिहा. ‘ताई’, ‘मामा’, ‘बाळ’ हे आज सगळ्यांना कळतं, पण पुढच्या पिढीला कोणती ताई आणि कुणाचा मामा ते कळणार नाही. नातं आणि नाव दोन्ही हवं. ओळीत विनोद करायचा मोह आवरा, घटना सांगितली की विनोद आपोआप दिसतो.

या ओळी ठेवायच्या कुठे? अ‍ॅपमधल्या मथळ्याच्या चौकटीत लिहिलेलं अ‍ॅप बदललं की हरवू शकतं. फोटोच्या फाइलच्या आत वर्णन लिहिण्याची जागा असते, संगणकावरचे फोटो प्रोग्रॅम तिथे लिहू देतात. आणि त्याच फोल्डरमध्ये एक साधी टेक्स्ट फाइल ठेवा, ज्यात बाराही ओळी क्रमाने असतील. ती कुठल्याही यंत्रावर उघडेल.

छापणं

बारा फोटो छापाच. छापताना तीन ठिकाणी घोळ होतो.

पहिला आकाराचा. चांगल्या छपाईसाठी इंचाला ३०० पिक्सेल धरतात. म्हणजे ४ × ६ इंचाला १२०० × १८०० पिक्सेल लागतात, ८ × १० इंचाला २४०० × ३०००. फोनचा १२ मेगापिक्सेलचा मूळ फोटो, ४००० × ३००० चा, दोन्हींना पुरून उरतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला १६०० पिक्सेलचा फोटो मात्र ४ × ६ ला जेमतेम पुरतो, त्याहून मोठा केला की चेहरे मऊ पडतात.

दुसरा घोळ प्रमाणाचा. फोनचा फोटो बहुधा ४:३ असतो आणि ४ × ६ चा कागद ३:२. कागद भरायचा म्हणजे फोटोच्या छोट्या बाजूचा नववा भाग कापला जातो, आणि तो नेमका मागच्या ओळीतल्यांच्या डोक्यावरून जातो. म्हणून छापायला देण्याआधी ३:२ मध्ये स्वतः कापून बघा, किंवा ‘पूर्ण फोटो, पांढऱ्या कडेसह’ असं सांगा.

तिसरा उजेडाचा. स्क्रीन मागून उजळलेली असते, कागद नसतो. त्यामुळे छापील फोटो नेहमी थोडा गडद वाटतो. आधी एकच फोटो छापून आणा, दिवसाच्या उजेडात बघा आणि गडद वाटला तर सगळ्यांचा उजेड थोडा वाढवून बाकीचे द्या. हातोहात फिरणार असतील तर मॅट कागद घ्या, चकचकीतवर बोटांचे ठसे उठतात.

अल्बम घेताना पानं आम्लरहित आहेत का ते बघा. चिकट पानांवर प्लॅस्टिक ओढायचे अल्बम टाळा. त्यांचा गोंद फोटोला धरून बसतो आणि पुढे सोडवताना फोटो फाटतो. पीव्हीसीच्या पाकिटांपेक्षा पॉलिप्रॉपिलीनची किंवा पॉलिएस्टरची बरी. मागे लिहायचं तर बॉलपेन दाबून लिहू नका, पुढच्या बाजूला वण उठतो. आताच्या फोटो कागदाला प्लॅस्टिकचा थर असतो, त्यावर साधी पेन्सिलही नीट उमटत नाही. बारीक टोकाचं, पक्क्या शाईचं पेन घ्या आणि शाई सुकेपर्यंत फोटो एकमेकांवर ठेवू नका. भिंतीवर लावणार असाल तर थेट ऊन पडेल ती भिंत नको, उन्हाने रंग उडतात.

जपून ठेवणं आणि दाखवणं

फोल्डरच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दोन शब्द, म्हणजे फोल्डर आपोआप क्रमाने लागतात. आत तीन भाग: ‘बारा’, ‘साठ’ आणि ‘उरलेले’. उरलेले पुसायची घाई करू नका. पाच वर्षांनी निवड बदलू शकते. प्रतींसाठी छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी रुजवलेला ३-२-१ चा नियम सोपा आहे: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. घराबाहेरची प्रत क्लाउडवर चालेल, नाहीतर बहिणीच्या कपाटातल्या हार्ड डिस्कवर. गूगलची मोफत जागा १५ जीबी आहे आणि तीत ई-मेलही मोजले जातात. १ जून २०२१ पासून फोटोही त्याच हिशेबात धरले जातात. महिन्याचे सगळे फोटो आणि व्हिडिओ त्यात मावतील अशा भरवशावर राहू नका. बारा मात्र सहज मावतात.

दाखवण्याबद्दल थोडक्यात. ज्यांचे फोटो आहेत त्यांना विचारा, मुलांच्या बाबतीत त्यांच्या आईवडिलांना, आणि मुलं थोडी मोठी असतील तर मुलांनाही. झोपलेले, रडणारे, आजारी अशा अवस्थेतले फोटो घरच्या अल्बमात ठेवा, बाहेर नको. मूळ फाइल कुणाला पाठवताना तिच्यात जागेचा पत्ताही जातो. फोनच्या शेअर करण्याच्या पर्यायांत ‘लोकेशन’ बंद करता येतं.

पुढच्या उन्हाळ्यासाठी

पुढच्या वेळी महिना चालू असतानाच दोन सवयी लावल्या तर यातलं अर्धं काम वाचतं. झोपण्यापूर्वी त्या दिवसाचा एकच फोटो हृदयाने खुणावून ठेवायचा. महिन्याअखेरीला तीस-एकतीस हाताशी असतात. आणि आठवड्यातून एकदा फोन दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचा, शक्यतो घरातल्या सगळ्यात लहानाच्या. त्याच्या उंचीवरून घर निराळं दिसतं, आणि तुम्हीही फोटोत येता.

फोटो काढण्याआधी लेन्स मऊ कापडाने पुसा. दुपारी चेहरे टिपायचे असतील तर माणसांना झाडाच्या किंवा भिंतीच्या अखंड सावलीत घ्या. पानांमधून ठिपक्या-ठिपक्यांचं ऊन पडतं तिथे नको. उन्हात ठेवलेल्या बंद गाडीच्या डॅशबोर्डवर फोन सोडू नका. आयफोन ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरावा असं अ‍ॅपल सांगते; जास्त तापला की फोन आधी फ्लॅश बंद करतो, स्क्रीन मंद करतो आणि शेवटी कामच थांबवतो. तसं झालं तर फोन फ्रीजमध्ये ठेवू नका, आत बाष्प धरतं. कव्हर काढून सावलीत, पंख्याखाली ठेवला की थोड्या वेळात पूर्ववत होतो.